प्रकाशानें कोरलेले पाट

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, हें येथील लहान मुलांसहि ठाऊक असतें. कोहळी शेतकऱ्यांनीं पूर्वीं बांधलेले व पुढें मालगुजारी तलाव या नांवानें ओळखले गेलेले अनेक तलाव आजहि आपल्या गांवोगांवीं आहेत. जिल्ह्याच्या अंगणांतून वैनगंगा वाहते. पाण्याची एवढी श्रीमंती असतां त्याविषयीं काळजी करण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पाणी पुष्कळ असणें ही एक गोष्ट आणि तें पिण्यास योग्य असणें ही दुसरी. पहिली गोष्ट डोळ्यांस दिसते. दुसरी कळण्यासाठीं पाण्याची परीक्षा करावी लागते. ही परीक्षा थोड्या पाण्यांत, थोड्या वेळांत आणि थोड्या खर्चांत व्हावी म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं गेल्या कांहीं दशकांत एक नवें साधन सिद्ध केलें आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टींत लेसर किरणानें केसासारखे बारीक पाट कोरावयाचे, आणि त्या पाटांतच रसायनशाळेचें काम करून घ्यावयाचें, अशी ही युक्ति आहे. तिची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु होय.

न दिसणारा दोष

नदीस पूर येऊन पाणी गढूळ झालें, म्हणजे गृहिणी त्यांत तुरटी फिरविते, तें गाळते व उकळते. पाण्यांत लोहाचा अंश अधिक असला, तर हंड्यास तांबूस पुट चढतें आणि चवहि बदलते. हे दोष स्वतः होऊन आपली वर्दी देतात. परंतु फ्लुओराइडची गोष्ट निराळी आहे. तें पाण्यांत असलें तरी पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसतें. त्यास वास येत नाहीं, कीं चवींत फरक पडत नाहीं. विदर्भाच्या भूगर्भांतील कांहीं खडकांत फ्लुओरीनयुक्त खनिजें आहेत. विंधन विहिरीचें पाणी अशा खडकांच्या फटींतून दीर्घकाळ झिरपत आलें, म्हणजे त्या खनिजांचा अंश पाण्यांत उतरतो.

भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत फ्लुओराइडचें प्रमाण दर लिटरमागें १ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें. पाण्याची दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत तें चालवून घ्यावें. याहून अधिक फ्लुओराइडचें पाणी बालवयांत वर्षानुवर्षें पोटांत गेलें, तर दातांवर पांढरे व पुढें तपकिरी डाग उमटतात. प्रमाण फारच वाढलें, तर हाडें व सांधे ताठर होतात. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं; उलट वाफ निघून गेल्यामुळें उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण किंचित् वाढतेंच. म्हणून 'आमच्या घरीं पाणी उकळून पितात' एवढ्यावर कोणीं समाधान मानूं नये.

दुसरें उदाहरण नायट्रेटचें. उकिरडे, सांडपाणी आणि शेतांतील खत यांपासून नायट्रेट विहिरींत उतरतें. त्याची मर्यादा दर लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. तान्ह्या बालकांस त्याचा अतिरेक विशेष बाधतो. शिवाय, नागपूर शहराचें सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते, आणि तें सर्व पाणी पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयांत येऊन थांबतें. तेव्हां दूरच्या शहराचा दोष आपल्या दारीं येण्यास वाट मोकळी आहे.

यांत अडचण अशी कीं, एका विहिरीची परीक्षा दुसरीच्या उपयोगी पडत नाहीं. एकाच गांवांतील दोन हातपंपांच्या पाण्यांत मोठें अंतर असूं शकतें, कारण त्यांच्या तळच्या फटी निराळ्या असतात. त्याच विहिरीचें पाणी पावसाळ्यापूर्वीं एक आणि पावसाळ्यानंतर दुसरें असतें. म्हणजे परीक्षा पुष्कळ ठिकाणीं व पुनःपुन्हां केली पाहिजे. १९५८ सालीं नागपूर येथें स्थापन झालेली आणि १९७४ पासून 'नीरी' या नांवानें प्रसिद्ध असलेली राष्ट्रीय संस्था आपल्यापासून दूर नाहीं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळाहि आहेत. पण प्रत्येक हातपंपाचें पाणी दर ऋतूंत बाटलींत भरून तेथवर पोहोंचविणें हें काम सोपें नव्हे. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांस पाण्याच्या प्राथमिक परीक्षेचें शिक्षण देण्याची योजना आंखण्यांत आली, ती याच अडचणीमुळें. अशा परीक्षकांच्या हातीं साधन जितकें लहान, स्वस्त व खात्रीचें, तितकें काम अधिक होणार.

रसायनशाळा एका पट्टींत

आपल्या तलावाची रचना डोळ्यांपुढें आणा. तलावांतून पाणी पाटास लागतें. पाटास फांटे फुटतात. आणि प्रत्येक फांटा आपापल्या बांधींत पाणी पोहोंचवितो. कोणत्या बांधीस किती पाणी जावें, हें पाटाच्या रुंदीवर व उतारावर अवलंबून असतें. हीच रचना दोन बोटें रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्टींत केली आहे, अशी कल्पना करा. तलावाच्या जागीं एक भोंक, पाटाच्या जागीं दहा-वीस शतांश मिलिमीटर रुंदीची खांचणी, आणि बांधीच्या जागीं रंग पाहण्याची एक लहानशी खळी. अशा साधनास सूक्ष्मप्रवाही उपकरण किंवा साध्या भाषेंत चिप म्हणतात.

रासायनिक परीक्षेच्या सर्व पायऱ्या, म्हणजे नमुना घेणें, तो औषधांत मिसळणें, घटक वेगळे करणें व मोजणें, एकाच लहान साधनांत आणतां येतील, ही कल्पना आंद्रेआस मान्झ यांनीं १९९० सालीं आपल्या सहकाऱ्यांसह स्पष्टपणें मांडली. ते त्या वेळीं स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें एका औषधी कंपनीच्या संशोधनशाळेंत होते. आरंभीं असे पाट सिलिकॉन व कांच यांवर आम्लानें कोरीत असत. त्यास धूळरहित खोल्या व मोठा खर्च लागे. पुढें संशोधकांचें लक्ष पॉलिमरकडे, म्हणजे ज्यांचे रेणू लांबलचक माळांसारखे असतात अशा पदार्थांकडे वळलें. आपण ज्यास ॲक्रिलिक म्हणतों तें पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट यांपैकींच एक. तें कांचेसारखें पारदर्शक असून स्वस्त आहे व सहज कापलें जातें. तें कोरणारी टांकी मात्र लोखंडाची नसून प्रकाशाची आहे.

बारामतीस जन्मलेल्या संशोधकाचा किरण

लेसरचा प्रकाश सामान्य दिव्याच्या प्रकाशाप्रमाणें चोहोंकडे पसरत नाहीं. त्यांतील लहरी एकाच लांबीच्या असून, कवायतींतील मुलांप्रमाणें पावलास पाऊल जुळवून एकाच दिशेनें चालतात. म्हणून भिंगाच्या योगानें त्या अत्यंत लहान बिंदूवर एकवटतां येतात. अशा प्रकाशाचें मूळ तत्त्व अल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं मांडलें. थिओडोर मेमन यांनीं १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर तयार केला.

ॲक्रिलिक कोरण्यास जो लेसर सर्वांत अधिक वापरतात, त्याचा जनक मात्र महाराष्ट्रांत जन्मला, हें आपल्या वाचकांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामती येथें झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी त्यांनीं १९५८ सालीं घेतली. पुढें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९६१ सालीं डॉक्टर होऊन ते बेल प्रयोगशाळेंत संशोधन करूं लागले. तेथें त्यांनीं कार्बन डाय-ऑक्साइडचा लेसर सिद्ध केला व १९६४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्यापुढें प्लास्टिक कापण्याचा प्रश्न नव्हता. वायूचे रेणू कंप पावतात त्या कंपापासून लेसर मिळेल काय, हा त्यांचा शोधविषय होता.

या लेसरच्या नळींत कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम यांचें मिश्रण असतें. विजेच्या योगानें नायट्रोजनचे रेणू कंप पावूं लागतात. टक्कर होतांच ते आपली ऊर्जा कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूंस देतात. आणि हे रेणू ती प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकतात. हेलियम उष्णता वाहून नेण्यास साहाय्य करतो. या प्रकाशाची लहर सुमारें १०.६ मायक्रॉन लांब असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींहून ही लहर १५ पटींपेक्षां अधिक लांब असल्यामुळें हा किरण आपणांस मुळींच दिसत नाहीं.

कोरण्याची कृति

ॲक्रिलिकमधून सूर्यप्रकाश आरपार जातो, पण हा अदृश्य किरण जात नाहीं. ॲक्रिलिकचे रेणू तो पृष्ठभागापाशींच शोषून घेतात. त्यामुळें त्या बिंदूपुरती प्रखर उष्णता उत्पन्न होते. माळेचा दोरा तुटतांच मणी ओघळावे, त्याप्रमाणें लांब रेणूंचे पुन्हां लहान रेणू होतात व वाफ होऊन उडून जातात. राख किंवा कोळसा मागें राहत नाहीं. पॉलिकार्बोनेटसारखीं दुसरीं प्लास्टिकें याच किरणानें काळवंडतात. ॲक्रिलिक स्वच्छ राहतें, म्हणून त्यास पसंती मिळाली.

प्रथम पाटांचा नकाशा संगणकावर काढतात. यंत्र त्या नकाशाप्रमाणें किरणाचा बिंदु पट्टीवर फिरवितें. किरणाची शक्ति वाढविली किंवा फिरण्याची गति कमी केली, तर पाट खोल होतो. कोरलेल्या पाटाचा छेद पाहिला तर तो नांगराच्या तासासारखा, वर रुंद व तळाशीं निमुळता दिसतो. रुंदी सामान्यतः १०० ते २०० मायक्रॉन असते. ही रीत किती सोपी व जलद आहे, हें डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठांतील संशोधकांनीं २००२ सालीं सविस्तर दाखवून दिलें. शहरांत ज्या यंत्रानें ॲक्रिलिकचे नामफलक व स्मृतिचिन्हें कापतात, त्याच जातीच्या यंत्रानें हें काम होऊं शकतें.

नंतर झांकण बसवावयाचें. सुमारें १०५ अंश सेल्सिअस तपमानास ॲक्रिलिक मऊ होऊं लागतें. कोरलेली पट्टी व दुसरी कोरी पट्टी एकमेकींवर ठेवून त्या सुमारास दाबून धरल्या, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. उष्णता थोडी अधिक झाली तर पाटच बुजतात. कमी झाली तर पाणी झिरपतें. किरणाच्या उष्णतेनें पट्टींत जो ताण राहतो, तो त्याहून कमी तपमानास कांहीं काळ तापवून काढावा लागतो. नाहीं तर पुढें मद्यार्काचा स्पर्श होतांच पाटाच्या कडेस बारीक तडे जातात. भंडाऱ्याचीं पितळेचीं भांडीं घडविणारे कारागीर धातु कधीं तापवावा व कधीं निववावा हें जाणतात. तीच जाण येथेंहि लागते.

याहून बारीक काम करावयाचें असल्यास अतिनील किरणांचे लेसर वापरतात. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेंत रंगस्वामी श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत असें दाखविलें कीं, हे किरण पॉलिमरचा पातळ थर आसपास फारशी उष्णता न पसरवितां उडवितात. त्यांचा उपयोग करून स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनीं १९९७ सालीं वैद्यकीय परीक्षेसाठीं पॉलिमरमध्यें पाट कोरण्याची रीत प्रसिद्ध केली. परंतु हीं यंत्रें महाग पडतात. एकाच नमुन्याच्या लाखों चिपा हव्या असतील तर सांचांत ओतून काढणेंच स्वस्त. जेथें थोड्या हव्या असतात व नकाशा वारंवार बदलावा लागतो, तेथें कार्बन डाय-ऑक्साइडच्या लेसरचा खरा उपयोग.

लहान पाटांतील पाण्याचा स्वभाव

आतां थोडा हिशेब करूं. पाट २०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन खोल व ५ सेंटिमीटर लांब आहे, आणि हिशेबाच्या सोयीसाठीं त्याचा छेद चौकोनी आहे असें धरूं. त्यांत ०.२ × ०.१ × ५० म्हणजे १ घन मिलिमीटर पाणी मावतें. १ मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात, म्हणजे एका थेंबांत ५० घन मिलिमीटर पाणी असतें. अर्थात् एका थेंबानें हा पाट ५० वेळां भरेल. औषधहि तितकेंच थोडें लागतें. परीक्षा स्वस्त होते ती येथें.

वैनगंगेच्या पुरांत पाणी भोंवरे घेत वाहतें. बारीक पाटांत भोंवरा उठत नाहीं. दोन प्रवाह एकत्र आणले, तर ते शेजारीं शेजारीं, एकाच वाटेनें जाणाऱ्या दोन बैलगाड्यांप्रमाणें, न मिसळतां पुढें जातात. मग औषध व पाणी मिसळावें कसें? येथें रेणूंची स्वतःची भ्रमंती कामास येते. तिचा नियम असा कीं, अंतर दहापट कमी केलें तर वेळ शंभरपट कमी होतो. पाण्यांतील लहान रेणूस स्वतःच्या भ्रमंतीनें १ सेंटिमीटर जाण्यास सुमारें १४ तास लागतात; १ मिलिमीटर जाण्यास सुमारें ८ मिनिटें; आणि दशांश मिलिमीटर जाण्यास अवघे ५ सेकंद. म्हणून पाटास थोडी नागमोडी लांबी दिली, कीं वाटेंतच मिश्रण पुरें होतें. ढवळण्यास कांडी नको, कीं यंत्र नको.

परीक्षेचा क्रम व तिच्या मर्यादा

फ्लुओराइडच्या परीक्षेंत झिर्कोनियम व एक रंगद्रव्य यांचें लाल औषध वापरतात. पाण्यांतील फ्लुओराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतें, त्यामुळें लाल रंग फिका पडतो. जितकें फ्लुओराइड अधिक, तितका रंग फिका. एका पट्टींत तीन नागमोडी पाट कोरून तिन्हींस हेंच औषध देतां येतें. पहिल्या पाटांत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यांत मुद्दाम १.५ मिलिग्रॅम फ्लुओराइड घातलेलें पाणी, आणि तिसऱ्यांत आपल्या विहिरीचें पाणी पिचकारीनें सोडावयाचें. तिन्ही खळ्यांतील रंग शेजारीं शेजारीं पाहिले, म्हणजे आपलें पाणी मर्यादेच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, याचा अंदाज येतो. ज्ञात नमुन्याशीं तुलना केल्यावांचून रंगावरून काढलेलें अनुमान व्यर्थ होय, हें विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

या साधनाचे दोषहि सांगितले पाहिजेत. पाट उथळ असल्यामुळें त्यांतील रंग फार फिका दिसतो. म्हणून रंग पाहण्याची खळी मुद्दाम खोल कोरावी लागते, किंवा प्रकाश पाटाच्या लांबीच्या दिशेनें सोडावा लागतो. पाण्यांत अल्युमिनियम, लोह, फॉस्फेट किंवा क्लोरीन असल्यास फ्लुओराइडच्या रंगांत चूक होऊं शकते. ॲसिटोनसारख्या द्रवांत ॲक्रिलिक विरघळतें, म्हणून ज्या परीक्षेंत तसे द्रव लागतात ती या पट्टींत करतां येत नाहीं. अशा रंगपरीक्षेनें रोगजंतु कळत नाहींत. त्यांची परीक्षा स्वतंत्रच करावी लागते. म्हणून चिपेनें संशय दाखविला, कीं तो नमुना प्रयोगशाळेंत पाठविलाच पाहिजे. शेंकडों विहिरींतून संशयास्पद विहिरी निवडून काढणें हें चिपेचें काम. शेवटचा निकाल देणें हें प्रयोगशाळेचें.

यंत्राच्या बाबतींतहि सावधगिरी हवी. किरण अदृश्य असल्यामुळें तो डोळ्यास केव्हां इजा करील हें कळत नाहीं. तेव्हां बंद पेटीशिवाय यंत्र चालवूं नये. ॲक्रिलिकची वाफ खोलीबाहेर नेण्याची सोय असावी. पी.व्ही.सी. हें प्लास्टिक तर या यंत्रांत कधींच घालूं नये. त्यापासून विषारी व यंत्र गंजविणारा हायड्रोजन क्लोराइड वायु निघतो. परीक्षेचें औषध आम्लयुक्त असतें, म्हणून विद्यार्थ्यांनीं तें शिक्षकांवांचून हाताळूं नये. आणि वापरलेली पट्टी तलावाच्या कांठीं टाकून देण्यापेक्षां धुवून पुन्हां वापरावी, हें सांगावयास नको.

विद्यार्थ्यांस व पालकांस

वर्गांत रेणूंचा कंप शिकतांना पुष्कळ विद्यार्थी विचारतात कीं, याचा आपल्या गांवास काय उपयोग? पटेल यांनीं वायूच्या रेणूंचा अभ्यास केला तेव्हां विहिरीच्या पाण्याचा विचारहि त्यांच्या मनांत नसेल. तरी त्यांच्या किरणानें कोरलेल्या पाटांतून आज लाखनी-लाखांदूरच्या हातपंपाचें पाणी तपासतां येण्याजोगें झालें आहे. तेव्हां परीक्षेपुरतें पाठ करून विसरून जाण्याचा हा विषय नव्हे. गणित, पदार्थविज्ञान व रसायन हीं तिन्ही येथें एकाच पट्टींत भेटतात.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे कीं, ज्या विहिरीचें किंवा हातपंपाचें पाणी आपलीं मुलें रोज पितात, तिची परीक्षा केव्हां झाली व तींत फ्लुओराइड आणि नायट्रेट किती आढळलें, हें त्यांनीं ग्रामपंचायतींत जाऊन विचारावें. आंकडा मिळाला तर तो तारखेसह घरच्या वहींत लिहून ठेवावा. न मिळाला तर परीक्षेची मागणी करावी. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आपल्या गांवांतील सर्व विहिरी व हातपंप यांचा नकाशा काढून त्यावर असे आंकडे भरतां येतील, आणि उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुटींत ते पुन्हां ताडून पाहतां येतील. नवीं साधनें आज ना उद्यां आपल्या गांवीं येतीलच. तीं येतील तेव्हां कोणत्या विहिरीपासून आरंभ करावा, हें सांगणारा नकाशा आपल्यापाशीं तयार असावा.